चौसष्ट अंश, चौदा फूट

तळ्याचं पाणी चौसष्ट अंशांवर आलं, तेव्हा धक्क्यावर सगळ्यांना आनंद झाला आणि वर्लन साइक्सने मात्र थर्मामीटर पुन्हा पाण्यात बुडवून पाहिलं.

चौसष्ट म्हणजे फॅरनहाइट. टेनेसीतल्या त्या तळ्याकाठी कॅलेंडर भिंतीवर नसतं, पाण्यात असतं. पंचेचाळीस अंशांना क्रॅपी मासे वीस फुटांखाली दडी मारतात, पंचावन्नला बारा फुटांवर येतात आणि चौसष्टला अंडी घालायला थेट काठच्या झुडपांत, दोन फूट पाण्यात. मग ते शेंबड्या पोरालाही सापडतात. म्हणून चर्चचं माशांचं जेवण तारखेवर ठरत नसे. पाणी चौसष्टला टेकलं की पुढचा शनिवार. त्या जेवणातला मक्याचा पाव मात्र एकाच तव्यात भाजायचा, वर्लनच्या आजेसासूच्या खोलगट बिडाच्या तव्यात.

तो तवा तळ्याच्या तळाशी होता.

झालं ते जानेवारीत. नाताळ सरला की तिथली माणसं वाळलेली नाताळची झाडं तळ्यात बुडवतात. माशांना आसरा होतो, आणि झाड कुठे बुडवलं ते कोणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. वर्लनने झाडाला सिमेंटचे दोन ठोकळे बांधले, तरी ते बुडायला तयार नव्हतं. काठावर मासे तळून खावेत म्हणून त्याने तवा बायकोच्या नकळत आणला होता. तोच त्याने तिसरं वजन म्हणून तारेने बांधला. आठवड्याभरात लाकूड पाणी पिऊन जड होईल, मग तवा काढून घेऊ, असा बेत. खूण म्हणून दोरीला रिकामी बाटली लावली. आठवड्याने गेला तर बाटली गायब. कोणाच्या तरी बोटीच्या पात्याने दोरी कापली होती.

घरी त्याने तव्याच्या फडक्यात व्यायामाचं एक लोखंडी चाक गुंडाळून कपाटात ठेवलं आणि थंडी टिकावी म्हणून देवाचा धावा सुरू केला. देवाने ऐकलं नाही. पाणी पन्नास झालं, वर्लनची झोप उडाली. अठ्ठावन्न झालं, जेवण तुटलं. दर अंशागणिक मासे वर येत होते आणि वर्लन खाली चालला होता.

गुरुवारी रात्री बायको, मेव्हिस, म्हणाली, "तवा काढून पुसून ठेवते. उद्या संध्याकाळी आई बघायला येणार आहे."

"मी काढतो. तुझी पाठ दुखते."

"माझी कुठे दुखते?"

"दुखेल मग," वर्लन म्हणाला आणि अंगावर पांघरूण ओढलं.

शुक्रवारी उजाडताच तो धक्क्यावर पोचला. विहिरीतली बादली काढतात तसा तीन आकड्यांचा लोखंडी गळ त्याने दोरीसकट डब्यात लपवला होता. पण बोटीत आधीच कोणीतरी बसलं होतं. बांबूची काठी, गवती टोपी, चौऱ्याऐंशी वर्षांची ताठ पाठ. सासूबाई.

"मिस आयडेला, तुम्ही?"

"चौसष्ट झालंय ना? मग मी घरी बसून काय करू? चल."

तिकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. मिस आयडेलाला नाही म्हणायची छाती वर्लनच काय, पाद्रीबाबांचीही नव्हती. वर्लनने मोटर चालू केली आणि झुडपांकडे न वळता बोट थेट जुन्या पुलाच्या खांबापाशी, खोल पाण्यात नेली. सासूबाईंनी आधी काठाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"इथे किती पाणी आहे?"

"चौदा फूट."

"पाणी चौसष्ट अंश, मासे दोन फुटांवर, आणि आपण चौदा फुटांवर. तुला बरं नाही का रे?"

वर्लनला मेलेल्या सासऱ्यांची वही आठवली. हॉलिस त्या तळ्यावरचा सगळ्यात नावाजलेला मासेमार. किती अंशांना किती फुटांवर किती मासे, सगळं वहीत लिहिलेलं. फक्त चौसष्टसमोर, वर्षानुवर्षं, एकच ओळ: जुना खांब, चौदा फूट. पुढे माशांचा आकडा कोरा. एवढा मोठा माणूस आकडासुद्धा लपवतो म्हणजे तिथे घबाड असणार, असं समजूनच वर्लनने झाड तिथे बुडवलं होतं.

"हॉलिसच्या वहीत हीच जागा आहे," तो म्हणाला.

सासूबाईंनी काठी आडवी ठेवली आणि खांबाकडे पाहिलं.

तेवढ्यात शेजारचा डब पेटिस बोट घेऊन आला. "ए वर्लन, झुडपं सोडून इथे कसला बसलायस? म्हाताऱ्याची गुप्त जागा म्हणतात ती हीच का?"

"नाही," वर्लन इतक्या घाईने म्हणाला की डबची खात्रीच पटली. डबने फोन काढला.

तासाभरात खांबाभोवती तेरा बोटी जमल्या. तेराव्यात खुद्द पाद्रीबाबा होते. सगळ्यांचे दोरे चौदा फुटांवर, आणि मासा एकालाही नाही. काठच्या झुडपांत क्रॅपी पाणी घुसळत होते, तिथे चिटपाखरू नव्हतं. उद्या ऐंशी माणसं जेवायला यायची होती. मासे नाहीत, तवा नाही, आणि दोन्हींच्या मुळाशी आपण, असं वर्लनला वाटलं. आज बोट बुडाली तर बरं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"वर्लन," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "डब्यातला तो गळ काढ."

"कसला गळ?"

"ज्यावर तू सकाळपासून पाय ठेवून बसलायस तो."

वर्लनने गळ काढला आणि बोटीच्या पलीकडच्या बाजूने, कोणाला दिसणार नाही असा, सोडला. दोनदा नुसता चिखल आला. तिसऱ्यांदा काहीतरी जड लागलं. त्याने ओढलं, आणि पाण्यातून वर आला तो तवा पाहून त्याला रडूच फुटलं. गंजाचे थर, शिंपले चिकटलेले, काठ खाल्लेला. तीन महिन्यांत ही दशा.

"मिस आयडेला, माझं चुकलं. मीच बुडवला. मेव्हिसला काय तोंड दाखवू?"

सासूबाईंनी तवा मांडीवर घेतला, अंगठ्याने दांडा घासला. गंजाखाली एक खाच निघाली. ती त्या बराच वेळ बोटाने चाचपत राहिल्या.

"ही खाच आईने घातलेली. हा तू नाही बुडवलास," त्या म्हणाल्या. "हा हॉलिसने बुडवला. साठ वर्षं झाली. नांगर घरीच विसरला होता, म्हणून माझ्या आईचा तवा दोरीला बांधून टाकला. गाठ सुटली."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"छे. मरेपर्यंत नाही. घरी आला तर दोरीला तव्याची काजळी. मी काय आंधळी आहे? आठवड्याने दुकानातून नवा आणला, काळा केला आणि खिळ्याला अडकवला. तो नुसता बघत राहिला. त्यानेही विचारलं नाही, मीही बोलले नाही."

"पण मग वहीत ते चौदा फूट..."

"म्हणजे दर चौसष्टला इथे येऊन शोधायचा, बिचारा. मी विचारायचे, काय मिळालं? तो म्हणायचा, आज पाणी गार होतं." त्यांनी टोपी थोडी पुढे ओढली. "एकदा बोलायला हवं होतं मी. पण तेव्हा तो मी न सांगता कुंपण रंगवायचा, छप्पर शाकारायचा, माझ्या बहिणीकडेही हसत यायचा. आज सांगते, उद्या सांगते, करता करता राहूनच गेलं."

"काय लागलं हो?" डबने लांबून विचारलं.

"ओंडका," सासूबाई म्हणाल्या आणि तव्यावर कोट टाकला. मग वर्लनकडे वळल्या. "आता तुझा काढ."

दुसरा तवा तारेला लटकलेला, झाडाच्या चार फांद्यांसकट वर आला. नुसता तांबूस झाला होता. सासूबाईंनी तो उलटासुलटा केला. "जाडं मीठ आणि डुकराची चरबी. संध्याकाळपर्यंत होईल. आता बोट झुडपांत घे."

दुपारपर्यंत त्या दोघांनी दोन फूट पाण्यातून नव्वद क्रॅपी काढले. तेरा बोटी तिकडे चौदा फुटांवर दोरे सोडून निष्ठेने बसून होत्या.

धक्क्याला बोट लावताना वर्लनने भीत भीत विचारलं, "मेव्हिसला सांगणार नाही ना तुम्ही?"

"मी कशाला सांगू?" सासूबाईंनी आईचा तवा पोटाशी धरला आणि त्याच्या हाताला धरून उतरल्या. "माझ्या कुंपणाचा रंग फार उडालाय, नाही?"

वर्लनने त्याच आठवड्यात कुंपण रंगवलं. नंतर छप्परही.