दिवेआगरचा तोच तो शनिवार

पुनरावृत्ती हा संस्कृतीचा पाया आहे, याविषयी विद्वानांत आजवर दुमत झालेले नाही. आणि ज्याविषयी दुमत नसते तेच विद्वान वारंवार सांगतात, यावरून पायाचा भक्कमपणा आपोआप सिद्ध होतो. पाढे, आरत्या, उद्घाटनाची भाषणे आणि विवाहातील मंगलाष्टके ही सर्व पुनरावृत्तीची अपत्ये होत. एकाच गोष्टीने माणूस दुसऱ्यांदा कंटाळतो, दहाव्यांदा चिडतो आणि शंभराव्यांदा तिला परंपरा म्हणतो.

अलीकडे या तत्त्वाला व्हिडिओ गेममध्ये राजमान्यता मिळाली आहे. या जातीच्या खेळात नायक एकाच दिवसात अडकून पडतो. संध्याकाळी गाव बुडते, नायक मरतो (क्वचित गाव वाचते आणि नायक तेवढा बुडतो), आणि लगेच तीच सकाळ पुन्हा उजाडते. गावातल्या इतर कोणालाही काही आठवत नाही. कोळी कालचेच वाक्य बोलतो, कोंबडा त्याच कौलावर आरवतो. फक्त नायकाला सर्व आठवते, आणि या आठवणीच्या बळावर कधीतरी त्याने त्या दिवसातून सुटायचे असते.

हा प्रकार आनंददायक की कंटाळवाणा, यावरून जाणकारांत दोन पक्ष पडले आहेत. आनंदवादी म्हणतात, प्रत्येक फेरीत ज्ञानाची भर पडते. कंटाळावादी म्हणतात, ज्ञानाची भर पडण्यासाठी दर वेळी तोच जिना चढावा लागत असेल, तर ते ज्ञान नसून नोकरी आहे. दोन्ही पक्ष आपले मत दर महिन्याला नव्याने मांडतात. (जुन्याच शब्दांत.)

या वादाचा निर्णायक प्रयोग एखाद्या विद्यापीठात न होता दिवेआगर येथे येसाजींच्या वाडीत झाला, ही गोष्ट शास्त्राला लाजिरवाणी असली तरी प्रयोगाला सोयीची ठरली. कारण विद्यापीठात सोलकढी मिळत नाही.

प्रयोगाची पार्श्वभूमी अशी. दोन हजार वीसच्या जूनमध्ये वादळ आले आणि एका दुपारीत येसाजींची पोफळीची वाडी आडवी झाली. सुपारीचे नवे रोप लावले की ते धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि माणसाला भूक मात्र रोज लागते. म्हणून येसाजींच्या पत्नी कोकिळाबाई यांनी घरामागे तीन खोल्या बांधून घेतल्या व रस्त्यावर पाटी लावली: घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय. पाटी ठोकतानाच त्यांनी जाहीर केले होते की पोफळी धरल्या की पाटी खाली येईल. यंदा पोफळी धरल्या. पाटी मात्र खाली आली नाही, कारण मध्ये त्यांचा मुलगा साहिल आला.

साहिल हा आनंदवादी पक्षाचा. पावसाळ्यात पाहुणे नसत, तेव्हा तो संगणकावर वर सांगितलेला खेळ खेळत असे. कोकिळाबाई मागे उभ्या राहून वाल सोलता सोलता पाहत.

“ह्यो कोळी कालपन हेच बोलला,” एकदा त्या म्हणाल्या.

“तो रोज हेच बोलतो, आई. त्याला कुठं आठवतंय? आठवतं फक्त मला.”

कोकिळाबाईंनी सोललेले वाल बाजूला ठेवले. “मंग आपल्यात नवीन काय हाय?”

हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या इतिहासात नोंदला गेला पाहिजे, परंतु त्या इतिहासाच्या नव्या आवृत्तीत जुनीच आवृत्ती छापली जात असल्याने तो नोंदला जाण्याची शक्यता कमी आहे. प्रश्न अचूक होता. दर शनिवारी बाराच्या सुमारास तीन मोटारी अंगणात येत. त्यांतून उतरणारी माणसे निराळी असत, म्हणजे निराळ्या आडनावांची असत. पहिल्या तासात ती विचारत: समुद्र किती लांब, मासे ताजे आहेत ना (या प्रश्नाला पृथ्वीतलावर आजतागायत कोणी नकारार्थी उत्तर दिलेले नाही), वायफाय आहे ना, आणि इथे बघण्यासारखे काय आहे. शेवटचा प्रश्न समुद्र, सुरूची झाडे आणि नारळ यांच्याकडे पाठ करून विचारण्याची प्रथा आहे. रविवारी जेवणानंतर तृप्त गृहस्थ झोपाळ्यावर बसून म्हणत, “सगळं सोडून इथेच येऊन राहावंसं वाटतं बघा.” आणि माणगावच्या कोंडीत सापडू नये म्हणून तीनच्या आत मोटार बाहेर काढत. हे वाक्य उच्चारणाऱ्यांचे प्रमाण शेकडा अठ्ठ्याण्णव होते. उरलेले दोघे त्या वेळी झोपलेले असत.

पाहुण्यांना मागचा शनिवार आठवत नसे, कारण तो दुसऱ्या पाहुण्यांचा होता. आठवत असे ते यजमानांना. म्हणजे खेळातल्या गावकऱ्यांच्या जागी पाहुणे होते आणि नायकाच्या जागी कोकिळाबाई. फरक इतकाच की नायकाला कोणी दर फेरीत अकरा माणसांचा स्वयंपाक करायला लावत नाही.

साहिलने यातून निराश न होता पद्धत विकसित केली. सदर पद्धतीत पाहुण्याला प्रश्न विचारण्याचे कष्ट पडत नसत. मोटारीचे दार उघडताच साहिल म्हणे, “पाच मिनिटं, हो ताजे, फक्त अंगणात, आणि देऊळ.” पाहुणे थक्क होत. परीक्षणांत ‘यजमान मनकवडे आहेत’ असे येऊ लागले व गर्दी वाढली. प्रत्येक तुकडीतला एक मुलगा आंब्यावर चढतो आणि त्याला लाल मुंग्या चावतात, हे ध्यानात आल्यावर साहिलने झाडाच्या बुंध्याशी मलमाची नळी टांगली.

“त्यापरीस चढू नको म्हणून सांग ना त्याला,” कोकिळाबाई म्हणाल्या.

“सांगून बघितलं. सांगितलं की जोरात चढतो.”

साहिलच्या मते ही प्रगती होती. कोकिळाबाईंच्या मते प्रगती मलमाच्या कंपनीची होती. सहा वर्षे झाली, त्यांना शनिवार नको होता. जगातला कुठलाही एक शनिवार आपला असावा, एवढीच त्यांची मागणी होती. अखेर दिवाळीनंतर मायलेकांत करार झाला. शिमग्याच्या आत एखाद्या पाहुण्याने पूर्वी कोणीही न बोललेले एक तरी वाक्य बोलावे. बोलल्यास खोल्या चालू राहतील. न बोलल्यास पाटी खाली, आणि साहिलने पुन्हा तो विषय काढायचा नाही. पंच म्हणून येसाजींची एकमताने निवड झाली. ते स्वतः फारसे बोलत नसल्यामुळे दुसऱ्यांचे बोलणे त्यांच्या डोक्यात न मिसळता राहिले होते.

हंगाम सुरू झाला. साहिलने आशेने कान टवकारले. डिसेंबरात एका गृहस्थांनी “समुद्र किती वाजता बंद होतो?” असे विचारले तेव्हा तो धावतच वाडीत गेला. येसाजी पोफळीच्या आळ्यात पाणी सोडत होते. त्यांनी फावडे न थांबवता निकाल दिला, “ह्ये गेल्या साली एका डाक्टरनी इचारलेलं.” जानेवारीत एका बाईंनी नारळाला आतून पाणी कुठून भरतात, अशी पृच्छा केली. येसाजींनी दोन बोटे वर केली. म्हणजे दोनदा होऊन गेले होते. मौलिकता ही किती दुर्मीळ वस्तू आहे याचा असा रोकडा पुरावा साहित्यसंमेलनांच्या बाहेर क्वचितच मिळतो.

फेब्रुवारीच्या एका शनिवारी ठाण्याहून कमलेश नावाचे गृहस्थ मित्रपरिवारासह आले. त्यांनी क्रमाने सर्व प्रश्न विचारले (साहिलने आधीच उत्तरे दिली असतानाही, काही घराण्यांत शिस्त असते) आणि मंडळी पाण्यावर हवा भरून फुगवलेल्या होडीत बसून किंचाळण्यासाठी रवाना झाली. त्यांच्या पत्नी सुचिता तेवढ्या मागे राहिल्या. पडवीत कोकिळाबाई विळीवर नारळ खवत होत्या. पायरीवर येसाजी सुपारी सोलत होते. साहिल चहाचा ट्रे घेऊन दारात होता.

सुचिताबाई शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, “काकू, तुम्ही स्वतः समुद्रावर शेवटच्या कधी गेलात?”

येसाजींचा हात थांबला.

कोकिळाबाई मान वर न करता म्हणाल्या, “पाच मिन्टं. वाडीतून सरळ.”

सुचिताबाईंना वाटले, ऐकू गेले नसावे. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“गाडी नका नेऊ ताई, वाळूत रुतते.”

“नाही काकू, तुम्ही. तुम्ही कधी गेलात?”

“भरती पाचला हाय.”

तुकडीतुकडीने चाललेल्या या संशोधनात हा क्षण सर्वांत मोलाचा मानावा लागेल. सहा वर्षांत जे नवे वाक्य कोणी बोलले नव्हते ते घरात आले, पडवीत बसले, आणि यजमानीणबाईंनी त्याला वायफायच्या प्रश्नासारखे वाटेला लावले. साहिलला संगणकावरचा कोळी आठवला. त्या कोळ्याकडेही अशी तीनच वाक्ये होती, आणि पाठोपाठ विचारले की तीही क्रमाने येत.

“नवीन,” येसाजी म्हणाले. निकालपत्र एवढेच होते.

कोकिळाबाईंनी विचारले, काय नवीन? ताईंनी समुद्र विचारला, मी सांगितला. त्यात नवीन ते काय? मग साहिलने त्यांना घडलेले शब्दशः सांगितले, प्रश्न आणि उत्तरे. सांगताना त्याला पैज जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, ही बाब आनंदवादी पक्षाने लक्षात घ्यावी.

कोकिळाबाईंनी हातातली करवंटी खाली ठेवली. मग सुचिताबाईंकडे वळून म्हणाल्या, “वादळाच्या दुसऱ्या दिशी गेलेले. हाय का गेला, ते बघाया.”

“आणि?”

“होता. आपलं सगळं पाडून बसलेला गप. मेल्याशी बोलले न्हाय मी तवापासून.”

त्या उठल्या, विळी मिटली, पदराला हात पुसले आणि वाडीतून सरळ निघून गेल्या. सुचिताबाई त्यांच्या मागोमाग गेल्या. त्या दिवशी मंडळी किंचाळून परत आली तेव्हा पानात फक्त अर्धा खवलेला नारळ होता. कमलेशरावांनी चौकशी केली. साहिलने प्रथमच त्यांना उत्तर न देता डाळीचा डबा दाखवला. आमटी त्यांनी स्वतः केली. ती चांगली झाली नाही, परंतु तिच्याविषयी ते आजही बोलतात, आणि माशांविषयी कोणी बोलत नाही.

आता करार. कोकिळाबाई हरल्या होत्या, आणि त्यांच्या माहेरी चौलास हरलेली पैज न पाळणाऱ्याला पंगतीत घेत नाहीत. खोल्या चालू राहिल्या. पाटी जागेवर राहिली. त्यांनी फक्त साहिलकडून आरक्षणाचा फोन मागून घेतला. करारात फोन कोणी उचलावा याचा उल्लेख नव्हता. (करार करणाऱ्यांनी वाचत राहावे.)

तेव्हापासून खोली हवी असणाऱ्याला त्या एकच प्रश्न विचारतात: गेला शनिवार आणि त्याच्या आदला शनिवार, यांत तुमचा फरक काय झाला ते सांगा. सांगता आले तर खोली तुमची.

निकाल पुढीलप्रमाणे आहेत. पुष्कळ जण ‘हॅलो’ म्हणून रेंज गेल्याचे भासवतात. काही जण यावर काय सवलत मिळेल ते विचारतात. एका गृहस्थांनी पत्नीला हाक मारली, पत्नीने मुलाला, मुलाने मोबाइलमधले फोटो पाहिले आणि दोन्ही शनिवारचे फोटो एकाच पिझ्झाचे निघाले. एका प्राध्यापकांनी प्रश्नाची चौकटच चुकीची असल्याचे अर्धा तास सांगितले. (कोकिळाबाईंनी मध्ये फोन ठेवून आंबोळ्या काढल्या.) आतापर्यंत एकच उमेदवार उत्तीर्ण झाला आहे. सुचिताबाई दुसऱ्याच आठवड्यात फोनवर म्हणाल्या, “गेल्या शनिवारी तुमच्याबरोबर पाण्यात उभी होते, काकू. त्याच्या आदल्या शनिवारी नव्हते.” त्यांना कोपऱ्यातली खोली मिळाली, आणि जेवणाचे पैसे घेतले गेले नाहीत.

एरवी तिन्ही खोल्या नियमानुसार चालू आणि वस्तुतः रिकाम्या आहेत. त्यांत सध्या सोललेली रोठा सुपारी भरून ठेवली आहे. साहिलने सुरुवातीला आक्षेप घेतला की असला प्रश्न कोणी पाहुण्याला विचारते का. आई म्हणाली, “कोन न्हाय इचारत. म्हंजे नवीन हाय. तुला नवीनच हवं होतं ना?”

आता तो पोफळीवर चढायला शिकतो आहे. दोन पुरुष उंचीपर्यंत जातो, घसरतो, खाली येतो आणि पुन्हा बुंध्यापासून सुरू करतो. काल जरा वर गेला होता. कंटाळा आला का, असे खालून येसाजींनी विचारले, तर अजून नाही म्हणाला. येसाजी म्हणाले, पडतोस तोवर न्हाय यायचा. या एका वाक्यात दोन्ही पक्षांचा निकाल लागतो असे वाटते, परंतु पक्षांना ते कळवू नये. त्यांच्या मासिक सभा बंद पडतील.

शनिवारी दुपारी कोकिळाबाई किनाऱ्यावर असतात. समुद्राशी बोलणे सुरू झाले आहे. पहिले दोन आठवडे नुसते टोमणे होते.

सुज्ञ वाचकांनी एव्हाना तिथे जाण्याचे मनात योजले असेल, आणि आपण त्या इतरांसारखे नाही याची खात्रीही करून घेतली असेल. ती प्रत्येकाला असते. क्रमांक पाटीवर लिहिलेला आहे. फोन करण्यापूर्वी प्रश्नाचे उत्तर तेवढे जुळवून ठेवावे. आत्ता प्रयत्न करून पाहायला हरकत नाही. सुचले नाही, तरी घाई करू नये. येत्या शनिवारी संध्याकाळी निवांत बसून विचार करता येईल. त्या वेळी आपण कुठे, कोणत्या खुर्चीत आणि हातात काय धरून बसलेले असाल, हे आपल्याला आजच माहीत आहे.