बाहेरचं ऐकू येणारा हेडफोन

"...अनंतराव दिवाळीच्या आत सांगलीला चालले म्हणे. कायमचे. आणि घर तर त्यांनी—"

इथं गिरणीवाल्यानं पट्टा चढवला आणि घराचं पुढं काय झालं ते ज्वारीबरोबर दळून गेलं.

डबा धरून रांगेत उभ्या असलेल्या नानासोंच्या बाबतीत असं आजवर घडलं नव्हतं. साताऱ्याच्या डेपोत उभी हयात कंडक्टरकी केलेला माणूस. खच्चून भरलेल्या एसटीत मागच्या बाकावर कोण कुणाच्या सुनेबद्दल काय बोलतंय, ते त्यांना पुढच्या बाकाची तिकिटं फाडताना कळायचं. रिटायर झाल्यावर ही विद्या त्यांनी गल्लीच्या सेवेला वाहिली होती. कुणाकडं पाहुणे कुठून आले, कुणाचं स्थळ कशावरून मोडलं, लोक खात्री करायला नानासोंकडं यायचे. आणि आता भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या अनंतरावांची बातमी त्यांना गिरणीत कळावी? तीही अर्धी?

"तुला काय म्हाईत हाय का?" घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं.

"मला मेलीला काय म्हाईत असणार?" राणीवहिनी कढईत बघत म्हणाल्या. "शेजारी तर हायत. जावा आन् इचारा."

"मी इचारू? मी?"

डॉक्टरनं दुसऱ्याला स्वतःची नाडी दाखवावी तसं वाटलं त्यांना. पण खरं दुखणं निराळं होतं (ते त्यांनी राणीवहिनींनाही सांगितलं नाही). रोज संध्याकाळी कंपाउंडच्या बुटक्या भिंतीवर दोन कप यायचे. एक अलीकडून, एक पलीकडून. दिवसभर गोळा केलेलं सगळं नानासो तिथं अनंतरावांपुढं ओतायचे आणि अनंतराव "हो का?" एवढंच म्हणायचे. पण असं म्हणायचे, की बातमीचं चीज व्हायचं. घर विकून अनंतराव गेले, तर उद्या गल्लीत काही का घडेना, सांगायचं कुणाला?

तेव्हा विचारायचं नाही, काढून घ्यायचं, असं नानासोंनी ठरवलं. योगही जुळून आला. रविवारी राणीवहिनींच्या भाच्याचा, जयराजचा, सांगलीत साखरपुडा होता, आणि अनंतराव-शरयूताई त्याच बसनं लेकीकडं, अश्लेषाकडं, निघाले होते. अनंतरावांच्या बनूआत्या घरी असायच्या, वय झालेलं, कानांनी जवळजवळ रजा घेतलेली. त्यांच्याजवळ नानासोंची लेक क्रांती थांबणार होती.

"जायच्या आधी कानाला लावायचं कायतरी घ्या," राणीवहिनींनी बजावलं. "मागल्या खेपंला तुमी मोबाइलवर भजन लावलं, तर कराडपतोर सगळी बस आपल्याकडं बघत हुती."

"भक्तिभावानं बघत हुती."

"एका माणसानं कानात बोटं घातली हुती."

म्हणून दोघं पोवई नाक्यावर ऋषिराजच्या दुकानात गेली. ऋषिराजनं आधी वायरवाला इयरफोन काढला. नानासोंनी तो खिशात घालून बाहेर काढला, तर त्याची सुगरणीचं घरटं असावं तशी गुंतवळ झाली होती. मग कानात खोचायचे दोन पांढरे दाणे आले. नानासोंनी ते बसवून मान हलवून बघितली. एक दाणा टिकला, दुसरा काउंटरखाली गेला आणि ऋषिराजला त्याच्यामागं जावं लागलं.

"एसटीत ह्याचं काय खरं न्हाई," नानासो म्हणाले. "कासेगावच्या खड्ड्यात एक जायाचा आन् पेठनाक्याला दुसरा."

"मग गळ्यातला घ्या काका. कानातनं निसटला तरी गळ्यात राहतोय."

"गळ्यात चष्म्याची दोरी हाय, माळ हाय. आता ह्यो कुठं अडकवू?"

शेवटी ऋषिराजनं डोक्यावरून घ्यायचा मोठा हेडफोन काढला. दोन्ही कान झाकणाऱ्या ह्या एवढाल्या पाळ्या. आरशात बघितल्यावर नानासोंना आपण विमान चालवणारे वाटलो (राणीवहिनींना ते थंडीतल्या वॉचमनसारखे वाटले).

"ह्यो घातला की बाहेरचा आवाज बंद. इंजन बंद, गर्दी बंद. आत फक्त तुमचं भजन," ऋषिराज म्हणाला.

"बाहेरचं काहीच न्हाई?" नानासोंचा चेहरा पडला.

"पायजे असंल तर तीबी सोय हाय. उजव्या पाळीवर एक टिचकी मारायची. भजन थांबतंय आन् बाहेरचं आत येतंय. उलट जरा मोठंच येतंय. परत टिचकी, परत भजन. डाव्या बाजूचा बारका दिवा बघायचा. हिरवा असला की बाहेरचं चालू, निळा असला की बंद."

नानासोंनी टिचकी मारली. दिवा हिरवा झाला. समोरच्या रसवंतीवर दोन माणसं पाटणच्या कुणा पाव्हण्याची निंदा करत होती, ती त्यांना शेजारी बसून केल्यासारखी ऐकू आली. वर गंमत अशी, की हेडफोनवाल्याला काही ऐकू जात नाही असं समजून जग त्याच्यासमोर वाट्टेल ते बोलणार. असलं यंत्र नोकरीत असताना मिळालं असतं, तर नानासो कुठल्या कुठं गेले असते.

"बांध ह्यो," ते म्हणाले.

रविवारी बसमध्ये त्यांनी जागा हेरूनच धरली. पुढं नानासो आणि त्यांच्या डावीकडं खिडकीला राणीवहिनी, मागं अनंतराव आणि शरयूताई. बस हलली तशी त्यांनी टोपी चढवली, वर हेडफोन चढवला, टिचकी मारली, डोळे मिटले आणि भजनात रंगल्यासारखी मान डोलवायला लागले.

उंब्रजपर्यंत मागं शेंगदाण्याशिवाय काही नव्हतं. मग शरयूताईंचा आवाज आला. "पण नानासोंना सांगायचं कसं? मला तर धीरच होत नाही."

नानासोंची मान डोलायची थांबली आणि लगेच परत डोलायला लागली.

"सांगायला तर हवंच," अनंतराव म्हणाले. "आज ना उद्या कळणारच. घराचं म्हणशील तर मी—"

नेमकी त्याच वेळी बस खड्ड्यात आपटली. टोपी डोळ्यांवर आली, नानासोंनी ती सावरली, आणि बोट पाळीला लागलं. अनंतराव बंद झाले, टाळ-मृदंग सुरू झाले. नानासोंनी घाईनं टिचकी मारली. ती दोनदा बसली. पुन्हा मृदंग. आणखी एक मारावी तर मागून संशय यायचा, म्हणून ते जरा थांबले.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. अनंतराव पुढं वाकून काहीतरी बोलत होते. ओठ हलत होते, चेहरा गंभीर होता, शरयूताईंनी डोळ्यांना पदर लावला होता.

आता खरं तर हेडफोन काढायचा. पण हेडफोन काढून "काय म्हणालात?" असं विचारणं म्हणजे पुन्हा विचारणंच झालं, आणि इतक्या वर्षांची विद्या काय सांगत होती? समोरच्याचा चेहरा बघ आणि मान हलव. कुठं उतरायचंय ते प्रवाशाच्या तोंडावर असतं. नानासोंनी मान हलवली. अनंतराव आणखी बोलले. नानासोंनी आणखी हलवली. शेवटी अनंतरावांनी काहीतरी विचारलं तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवला, म्हणजे 'मी आहे ना.'

सांगली स्टँडवर उतरल्यावर अनंतरावांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "नानासो, एवढी मोठी गोष्ट तुम्ही भजन ऐकता ऐकता कबूल केलीत. कुणी सख्खा भाऊ करणार नाही."

"त्यात काय एवढं," नानासो म्हणाले. काय एवढं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

साखरपुड्यात त्यांना पेढा गोड लागेना. आपण घराला गिऱ्हाईक शोधून द्यायचं कबूल केलं असेल का? स्वतःच्या हातानं मित्राला घालवायचं? शेवटी जेवणाच्या पंगतीत त्यांनी राणीवहिनींना गाठलं.

"अनंतराव बसमदी काय म्हणाले गं? म्हंजे, मी ऐकलं. पर तू काय ऐकलंस, ते बघतो."

राणीवहिनींनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली. "तुमी काय ऐकलं न्हाई. दिवा निळा हुता."

"आन् तू गप बसलीस?"

"गप न बसून करती काय? तुमी छातीवर हात ठिवून बसलेला." मग त्यांनी एकेक उलगडलं. अश्लेषाला दिवस गेलेत. पहिलटकरीण माहेरी यायची, पण डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केलाय, म्हणून माहेरच उठून तिच्याकडं चाललंय. पाच महिने सरेपर्यंत ही गोष्ट गल्लीत कळू द्यायची नव्हती. "आन् तुमास्नी सांगितलं म्हंजे गल्लीला सांगितलंच की."

"मग घर?"

"घर कशाला इकत्यात? बाळ-बाळंतीण सुखरूप झाली की येत्यात परत. तवर किल्ली आपल्याकडं." त्यांनी मठ्ठ्याचा घोट घेतला. "आन् बनूआत्याबी आपल्याकडं. शरयूताईंचं आन् माझं मागंच ठरलंय. तुमी न्हाई म्हणाल असं त्यास्नी वाटत हुतं. तुमी तर दोनदा मान हलवली."

नानासोंनी पुढ्यातली जिलेबी उचलली. आता ती गोड लागली. गिरणीतली बातमी निम्मीच खरी निघाली होती. सांगली खरी, 'कायमचे' खोटं.

अनंतराव निघायच्या आधीच बनूआत्या राहायला आल्या, तसं त्यांच्याशी घरात ओरडून बोलावं लागे आणि गल्लीला सगळं घरबसल्या कळे. कानाचं मशीन त्यांना नको होतं. "म्हाताऱ्यांचं असतं ते." पण नानासोंचा हेडफोन क्रांतीनं एकदा गमतीनं त्यांच्या डोक्यावर ठेवला, हिरवा दिवा लावला, आणि आत्या म्हणाल्या, "स्वयंपाकघरात नळ गळतोय की गं." त्या दिवसापासून हेडफोन त्यांचा झाला. ओसरीवरच्या खुर्चीत बसून, दहा वर्षं ऐकायचं राहून गेलेलं सगळं त्या आता ऐकून घेत होत्या. आणि ऐकलेलं पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

अनंतरावांची गाडी निघाली तेव्हा नानासोंनी दोनदा घंटी दिल्यासारखा हात हलवला, हसून निरोप दिला, घरात आले, न्हाणीचं दार लावलं आणि नळ पूर्ण सोडला.

आठवड्यानं ते ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेले. पुढं दोघी बोलत होत्या. "अनंतराव गेले त्या दिवशी नानासो न्हाणीत बसून ढसाढसा रडले म्हणे. बनूआत्या सांगत होत्या. नळ सोडला होता, तरी—"

नेमकी 'नानासो' म्हणताना वीज गेली होती. गिरणी थांबली होती, आणि पुढचं सगळं अख्ख्या रांगेला लख्ख ऐकू गेलं. सगळे मागं वळले.

नानासोंनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आयुष्यभर त्यांनी चुकीची बातमी पुढं जाऊ दिली नव्हती.

"ढसाढसा न्हाई," ते म्हणाले.