खंडोजी अण्णांना काम हवंय

बेंगळुरू हे शहर एका वाक्यावर चालतं: 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी.' म्हणजे, थोडं सांभाळून घ्या. रिक्षावाला भलत्याच वळणावर उतरवतो तेव्हा, हॉटेलात अनोळखी माणूस आपल्या टेबलावर स्वतःची इडली आणून ठेवतो तेव्हा, शिंपी गुरुवारचा ब्लाउज रविवारी देतो तेव्हा सगळे हेच म्हणतात, आणि सगळे सांभाळून घेतात. माझ्या माहितीत फक्त एक माणूस घेत नाही. तो चष्मा वर सरकवतो आणि विचारतो, "स्वल्प म्हणजे किती?"

हे खंडोजी अण्णा. मल्लेश्वरममध्ये मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. मी पुण्याची, नोकरीसाठी इथे आलेली. अण्णांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी. तरी शुद्ध मराठी आपलीच, अशी दोघांचीही खात्री आहे.

पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अण्णा आयुष्यभर माल तपासायचं काम करत होते. त्यांच्याकडे तीन शिक्के होते: पास, रीवर्क, रिजेक्ट. निवृत्तीच्या दिवशी शिक्के कारखान्यात ठेवून आले, पण बोलण्यातून ते गेले नाहीत. संक्रांतीला मी गुळपोळी नेऊन दिली तर उजेडात धरून म्हणाले, "चव पास. कड रीवर्क." मला राग आला होता. पण कड खरंच कच्ची होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको, शारदाक्का, गेली. मुलगा परदेशात. मी घरून काम करते त्या दिवशी खालचे आवाज ऐकू येतात. अण्णा दोन खोल्यांत दोन रेडिओ लावून ठेवतात, एक कन्नड, एक हिंदी. घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. एकदा ते जिना चढून वर आले आणि दारातच म्हणाले, "पोरी, लोखंडाला तेल लागतंय, माणसाला काम लागतंय. नाहीतर गंज धरतोय की. पगार नको. सेवेचं काही काम बघ माझ्यासाठी."

मला वाटलं, यात काय अवघड? या शहरात सेवेची कामं गल्लोगल्ली आहेत. मी ऑनलाइन फॉर्म भरायला बसले. 'तुमचं कौशल्य' या रकान्यात अण्णांनी सांगितलं, "चूक शोधणे." 'सुधारणेला वाव' या रकान्यात मी त्यांना न विचारता तेच लिहिलं.

पहिलं काम मिळालं शाळांना जेवण पाठवणाऱ्या एका स्वयंपाकघरात. चपात्या मोजून डब्यांत भरायच्या, एवढंच. अण्णा खिशात व्हर्नियर घेऊन गेले. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायचं लोखंडी माप. त्या दिवशी अर्ध्या चपात्या रीवर्कला परत गेल्या, आणि मुलांना जेवण मिळालं ते शाळा सुटायच्या बेताला. तिथल्या बाई फार सभ्य होत्या. "अंकल, तुम्ही आता फक्त आमच्या वार्षिक समारंभाला या," म्हणाल्या.

मग तळ्याकाठी झाडं लावायचं काम. रोपांमधलं अंतर चुकलं म्हणून लावलेली अख्खी रांग अण्णांनी उपटायला लावली. दुसऱ्या दिवशी त्या गटाने व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन ग्रुप काढला, अण्णांना वगळून. अण्णा जुन्या ग्रुपवर आठवडाभर रोपांची मापं टाकत होते. त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि मलाही सांगवलं नाही.

तिसरं काम मात्र मी विचार करून निवडलं. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतो. विद्यार्थी सांगेल ते लिहायचं. अण्णांचं अक्षर छापल्यासारखं आहे, बसायची सवय आहे, इथे काय बिघडणार? सराव परीक्षा होती. मुलीने एक उत्तर सांगितलं. अण्णांनी पेन खाली ठेवलं. तिने पुन्हा सांगितलं. "हे चूक आहे," अण्णा म्हणाले. "मी कसं लिहू?"

ती मुलगी हसली म्हणे. "सर, चूक माझी आहे. ती मला करू द्या ना."

घरी येऊन अण्णांनी मला हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. मग विचारलं, "ती हसली का गं? मला तर राग आला असता." त्या संध्याकाळी खाली एकही रेडिओ लागला नाही. मला चुटपुट लागली. तीन ठिकाणांहून परत आलेला माणूस चौथ्या ठिकाणी जायला तयार होईल, असं वाटेना.

त्याच महिन्यात माझ्या नाकाच्या हाडाचं ऑपरेशन ठरलं. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. पुण्याला आईला कळवलं असतं तर तिने अख्खी गाडी भरून नातेवाईक आणले असते, म्हणून कळवलं नाही. पण हॉस्पिटलने अट घातली, सोबत कुणीतरी हवं. ऑफिसातल्या मैत्रिणींना नेमक्या त्याच दिवशी मीटिंगा. शेवटी मी अण्णांना विचारलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी गेटवर उभे होते.

काउंटरवरच्या मुलाने फॉर्म पुढे केला. नातं? अण्णांनी लिहिलं, 'शेजारी.' मुलगा म्हणाला, "अंकल, फादर अंत बरीरि. वडील असं लिहा. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

"स्वल्प म्हणजे किती?" अण्णा म्हणाले. "बाप होणं स्वल्प आहे काय?"

मी पोटात अन्नाचा कण नसताना, हॉस्पिटलचा झगा घालून विनवण्या केल्या, लिहा हो अण्णा, कोण बघतंय. नाही म्हणजे नाही. शेवटी मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी फॉर्म वाचला, अण्णांकडे नीट पाहिलं आणि 'शेजारी' मान्य केलं.

शुद्धीवर आले तेव्हा अण्णा पलंगाशी होते. सिस्टर म्हणाल्या, हे गृहस्थ पाच तास बाकावरून हलले नाहीत, कॉफीलाही गेले नाहीत. मी चिडून म्हटलं, "खाली कॅन्टीन होतं ना."

अण्णा खिडकीकडे बघत म्हणाले, "शारदाचं ऑपरेशन झालतं तेव्हा कारखान्यातनं मालाचा एक लॉट जायचा होता. माझ्या सहीशिवाय जात नव्हता. बाराला येतो म्हटलं. पोचलो तेव्हा चार. शुद्धीवर आल्यापासून मला हाक मारत होती, असं नर्सनं सांगितलं. नंतर अकरा वर्षं जगली, एकदाही बोलली नाही त्यावर. बोलली असती तर बरं झालं असतं, पोरी."

माझ्या नाकात कापूस होता, त्यामुळे नीट रडताही येईना.

बाहेर पडताना मोठ्या सिस्टरनी अण्णांना थांबवलं. एकटे येणारे पेशंट पुष्कळ असतात, म्हणाल्या. बाहेर बसायला कुणी नसतं. तुम्ही बसाल का?

आता अण्णा आठवड्यातून तीन दिवस तिथे बसतात. लोकांचे चष्मे, चपला, फोन सांभाळतात. चपला रांगेत, एका मापाने. मला पुन्हा तपासणीला जायचं होतं, म्हणून मीही एकदा पाहून आले. एका म्हाताऱ्या बाईंना ऑपरेशननंतर नुकतंच बाहेर आणलं होतं. अण्णा उठून त्यांच्याजवळ गेले. बाईंचे डोळे मिटलेलेच होते. हवेत हात चाचपत त्यांनी विचारलं, "सुरेशा, बंद्या?" सुरेश, आलास का?

मला वाटलं, आता अण्णा चष्मा वर सरकवतील आणि त्या बिचारीला सांगतील की मी सुरेश नव्हे, खंडोजी राव, मल्लेश्वरम.

अण्णांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "बंदे, अम्मा," ते म्हणाले. "आलोय. तू उठेपर्यंत इथंच आहे."