आत्यानं मोटरसायकल खाली उतरवली

माझ्या कुसुमआत्याला उंच वस्तूंचा राग आहे. ती स्वतः चार फूट नऊ इंच, आणि त्यातलाही वरचा इंच अंबाड्याचा. लग्न होऊन अकोल्याला गेली तेव्हा सासरचा पलंग उंच होता. आठ दिवसांत सुतार बोलावून तिनं त्याचे पाय कापले. पुढं देव्हारा खाली आला, ओटा खाली आला. आरसा तर इतका खाली आला की तिच्याकडं मुक्कामाला गेलो की मला गुडघे वाकवून दाढी करावी लागते. तक्रार केली की तिचं उत्तर ठरलेलं असतं, "वस्तूनं माणसापाशी यावं, सुध्या. माणसानं काहून टाचा उंच कराव्या?"

अशा बाईला मुलगा झाला तो सहा फुटी. "हा उंट माह्या घरी कुठून आला," असं ती चारचौघांत म्हणते, आणि म्हणताना मान अशी वर करते की जणू तो समोरच उभा आहे.

या निखिलनं चिखलदऱ्याच्या घाटात हिंडायला एक मोटरसायकल घेतली होती. डांबरावरही चालेल आणि माती-दगडांतही, त्या जातीची. इंजिन लहान, पण पुढचं चाक हे एवढं, मडगार्ड चाकाच्या वीतभर वर, आणि सीटवर चढायचं तर आधी मनाची तयारी करावी लागायची. मी एकदा चढलो होतो. उतरायला दोघं लागले. पुढं निखिल कॅनडाला नोकरीला गेला आणि गाडी तीन वर्षं ताडपत्रीखाली उभी राहिली.

आत्याची अकोट रस्त्याला दोन एकर फुलशेती आहे, झेंडू आणि शेवंती. यजमान गेल्यापासून शेतही तीच बघते आणि मोपेडवर फुलं लादून रोज बाजारातही तीच जाते. ती मोपेड एक दिवस कायमची बसली. नवी घे म्हणालो, तर म्हणे, "घरी एक उभी हाये ना."

"आत्या, तुझे पाय पुरतील का?" हा प्रश्न तिला विचारण्याइतका मूर्ख आमच्या घराण्यात मी एकटाच.

"माहे पाय जमिनीले बरोबर पुरते. गाडीच वर जाऊन बसली हाये. येईल खाली."

तिनं गाडी ढकलत हनीफ मिस्त्रीच्या गॅरेजला नेली. हनीफनं मोबाइलवर फोटो दाखवले. परदेशात लोक असल्या गाड्यांची म्हणे कॅफे रेसर करतात. ठेंगणी गाडी, हँडल खाली, चालवणारा टाकीवर ओणवा, आणि या चहाच्या हॉटेलातून त्या हॉटेलात सुसाट.

"मले तरी रोज कुठं जायचं असते? फुलबाजारातल्या चहाच्या टपरीवरच," आत्या म्हणाली. "हेच कर."

हनीफनं कटिंगचं मशीन उचललं. गाडीच्या मागच्या लोखंडी दांड्यांवर खडूची रेघ मारली. "ये पूंछ कापना पडेंगी, काकू."

घरातली एकही वस्तू जिनं धड ठेवली नाही, ती माझी आत्या गाडीला आडवी झाली. "कापायचं नाही. एक सूत नाही."

"कापे बिना रेसर कैसी बनेंगी?"

"ते तू पाह्य. गाडी पोराची हाये. तो आला का त्याले जशीच्या तशी पायजे. त्याचे पाय लांब हायेत."

एवढी एकच अट. हनीफ दोन महिने कपाळाला हात लावून काम करत होता. पुढचे शॉकअपचे पाइप त्यानं पकडीतून वर सरकवले, मागं आखूड शॉकअप घातला, मोठी चाकं काढून लहान, गुळगुळीत टायरची बसवली, हँडल बदललं, सीट चपटी केली. निघालेला प्रत्येक नट आत्यानं घरी नेऊन निखिलच्या कपाटात ठेवला. गाडी तयार झाली ती पुढून चित्ता आणि मागून म्हशीची वगार. न कापलेली शेपटी उगाच मागं लोंबत होती. पण आत्या बसली तेव्हा तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. टाचांसकट. हनीफ म्हणाला, "काकू, जिंदगी में ऐसा काम नहीं किया." ही तारीफ होती की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर आमच्याकडं अमरावतीला मुलीचा साखरपुडा निघाला. फुलं आत्याची, आणि आणणारही तीच, त्याच गाडीवरून. मी म्हणालो, "एसटीनं ये."

"एसटीची पायरी उंच असते."

शेवटी मी कार घेऊन अकोल्याला गेलो. म्हटलं, मागं मागं राहीन, काही झालं तर उपयोगी पडेन. सकाळी आत्या निघाली. सलवार-कुडता, ओढणी कमरेला, पाठीवर शेवंतीचं गाठोडं, आणि पोळपाटावर लाटणं ठेवावं तशी ती टाकीवर आडवी. मूर्तिजापूर यायच्या आधीच ती दिसेनाशी झाली. सापडली ती थेट बडनेऱ्याला, एका हॉटेलात. तिचा दुसरा चहा चालू होता.

"इतका उशीर काहून झाला? तुही गाडी बिघडली का?"

कारमध्ये एसी लावूनही मला घाम आला होता.

मंगल कार्यालयाच्या दारात ती थांबली आणि दोन्ही पाय टेकवून उभी राहिली, तेव्हा व्याही खुर्चीतून उठले. नवरदेव पाटावरून उठून गाडी बघायला गेला, भटजी अक्षता हातात धरून बसले. माझ्या बायकोनं आत्याची दृष्ट काढली. नंतर म्हणाली, गाडीचीही काढली.

कोणीतरी निखिलला व्हिडिओ कॉल लावला. "आई, ही माही गाडी?" तो ओरडलाच. "काय भारी केली वं!"

"कापलं काई नाही हं," आत्या घाईघाईनं म्हणाली. "सामान सगळं जपून हाये. तू आला का एका दिवसात होते पयलेसारखी."

तो हसला. "कापून टाक ना मागचं. मी काई आता तिकडं येऊन गाडी चालवत नाही. तुहीच झाली ते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.

"हो का? बरं," आत्या म्हणाली. मग त्याला विचारलं, "जेवला का?"

आठ दिवसांनी मी काही कामानं अकोल्याला गेलो, तर आत्या मला घेऊन हनीफच्या गॅरेजवर आली. "काप," ती म्हणाली.

हनीफनं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या चपलेकडं बघितलं. खडूची रेघ पुन्हा मारली गेली, मशीन सुरू झालं, ठिणग्या उडाल्या. आत्या मागं सरली नाही. शेपटी खण्णकन खाली पडली आणि गाडी खरोखर देखणी दिसायला लागली, बाजूच्या दुकानातले लोक बघायला आले इतकी.

हनीफ तो तुकडा उचलून भंगाराच्या ढिगाकडं निघाला.

"इकडं दे," आत्या म्हणाली.

"गरम है, काकू."

तिनं ओढणीची घडी केली आणि तो त्यात घेतला. लोक गाडीची तारीफ करत होते. लोखंड निवेपर्यंत ती तशीच, पोटाशी धरून उभी राहिली.