सामाईक कान

कडेगाव तालुक्यातील निवृत्त सुभेदार नाथाजी यांचा डावा कान सोमवारी सकाळी दुखू लागला. उजव्या कानाची श्रवणशक्ती तोफखान्यातच संपुष्टात आलेली असल्याने डावा हा त्यांचा एकमेव चालू कान होता. सरहद्दीवरच्या मुलाचा, विश्वजीतचा, फोन ते याच कानाला लावत.

"आवं, कराडला डागदरला दाखवा," बायको बनुबाई म्हणाली. नाथाजी निघालेही होते. पण तेवढ्यात थोरल्या घरचे चुलतभाऊ भाऊसो बघायला आले. आजाऱ्याला बघायला जाणे आणि रिकाम्या हाताने न जाता एखादा उपाय करून येणे, हे भावकीचे कर्तव्यच आहे. भाऊसोंनी लसणाचे कोमट तेल कानात सोडले.

ही बातमी धाकट्या घरी पोचायला वेळ लागला नाही. "थोरल्या घरचं त्याल चालतंय, आन् आमचा कांद्याचा रस चालत न्हाई व्हय?" रंगुबाई चुलतीने दारातूनच विचारले. प्रश्न न्यायाचा होता. रस घालण्यात आला. मग मधल्या घरचे शंभूराज रुईचे पान भाजून घेऊन आले.

भावकीत तंटा नको म्हणून बैठक झाली. सामाईक विहिरीच्या पाण्याला घरटी वार लावलेले आहेतच. तेच कानालाही लावावेत, असे सर्वानुमते ठरले. रुग्णाचे मत घेण्यात आले नाही, कारण विचारलेले त्याला ऐकू येईनासे झाले होते.

शंभूराजांच्या वाराला वीज गेली, विजेची शेगडी बंद पडली आणि पान शेकायचे राहिले. त्यांनी बदली वार मागितला.

"तुझा वार बुडला, त्याला मी काय करू?" भाऊसो म्हणाले.

"गड्या, माझ्या वारात तू त्याल सोडलंस! लय झालं आता!"

त्याच गडबडीत विश्वजीतचा फोन आला. "मोठ्यानं बोल रं," एवढेच नाथाजी म्हणत राहिले. शेवटी फोन बायकोच्या हातात देऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले. बनुबाईला रडू फुटले. तिने भावकीची परवानगी न घेता नवऱ्याला एसटीत बसवले.

कराडच्या डॉक्टरांनी ओरडून निदान सांगितले. "कानात मुळात काहीच नव्हतं! दाढ किडलीय, तिची कळ कानात येत होती. घसा, जबडा, सर्दी, कशानंही कान दुखतो. आधी बघावं लागतं, मग घालावं लागतं! आता कानही सुजलाय. पडदा शाबूत आहे, हे नशीब."

दाढ काढली, औषधाने सूज हळूहळू उतरली, आणि एके दिवशी फोनवर "आबा" अशी हाक स्वच्छ ऐकू आली. सुभेदार लहान मुलासारखे रडले. भावकी मात्र अद्याप नाराज आहे. इतकी जुनी दाढ, आणि कोणालाही वार न देता परस्पर काढून टाकली, असे तिचे म्हणणे आहे.

वाचकहो, या अडाणीपणाला आपण हसलात, ते रास्तच आहे. फक्त हसताना मान हलवू नका. मघापासून कानात फिरवताय ती मोटारसायकलची किल्ली आत रुतेल.