नळआजोबांची गळती मोहीम

जगातली कुठलीही गळती नळआजोबांपासून लपून राहू शकत नाही, असं निदान नळआजोबांचं तरी ठाम मत होतं! त्यांचा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला होता. रस्त्याला कान लावून जमिनीखालचा फुटका पाइप ओळखणारा माणूस! निवृत्त झाल्यावर इमारतीतल्या पोरांनी त्यांना हे नाव दिलं आणि आजोबा ते एखाद्या पदवीसारखं मिरवू लागले.

त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र बरेच दिवस टपटपत होता. आजींनी त्याखाली वाटी ठेवली होती.

"अहो, या नळाचं तेवढं बघा ना!"

"किरकोळ आहे गं. एवढ्याने काय होतंय?"

तर एकदा काय झालं, आजोबांच्या लॅपटॉपचं एक बटण अडकायला लागलं. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या ताईंनी ते बसवून दिलं आणि बोलता बोलता म्हणाल्या, "बाकी मशीन झकास आहे, आजोबा. या सिस्टिममध्ये मेमरीची थोडी गळती आहे, पण ती अगदी किरकोळ..."

"गळती?" उंदराची चाहूल लागलेल्या मांजरासारखे आजोबांचे कान उभे राहिले.

ताई हसल्या. "पाण्याची नव्हे हो! असं समजा, मेमरी म्हणजे एक टेबल. प्रोग्राम काम करताना टेबलावर सामान मांडतो आणि काम झालं की उचलून ठेवतो. एखादा विसरभोळा असतो, तो एखादी पेन्सिल तिथेच टाकून जातो. असं करत करत पसारा वाढतो आणि कामाला जागा कमी पडते. पण मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, की टेबल स्वच्छ! तुम्ही रोज बंद करता ना?"

"आमची ही करते. रात्री त्याचा दिवा तिच्या डोळ्यांत खुपतो."

"मग विसरा!"

विसरा म्हणे! गळती दाखवायची आणि नळआजोबांना म्हणायचं विसरा! म्हणजे मुलांपुढे लाडवांचा डबा उघडून 'फक्त बघा' म्हणण्यातला प्रकार!

घरी येताच आजोबांनी मोहीम उघडली. पाण्याच्या खात्यात गळती शोधायची एक पद्धत असते. सगळे नळ बंद असताना मीटरकडे बघत बसायचं. कुणी पाणी वापरत नाही आणि तरीही काटा फिरतोय, म्हणजे चोर सापडला! तीच पद्धत आजोबांनी लॅपटॉपला लावली. तो चालू ठेवायचा, कुणी हात लावायचा नाही आणि बंद तर मुळीच करायचा नाही. झाकणावर चिठ्ठीसुद्धा डकवली, 'तपास चालू आहे. बंद करू नये.'

मग मीटर हवा. आजोबांनी मेमरी मोजणारा एक प्रोग्राम बसवला. काटा हलला! आजोबांना कोण आनंद! पण गळती नेमकी कुठे? पाइपलाइनच्या प्रत्येक फाट्यावर मीटर बसवतात, तसा आजोबांनी दुसरा बसवला, तिसरा बसवला. मग या मीटरांवर विश्वास कसा ठेवायचा, म्हणून मीटरांवर नजर ठेवणारा आणखी एक! पडदा रंगीत तक्त्यांनी असा भरला, की एखाद्या विमानातही इतके काटे नसतील.

"गळती वाढतेय!" आजोबा रोज घोषणा करायचे.

"नळाची?" आतून आजी विचारायच्या.

"नळाचं काय घेऊन बसलीस!"

"अहो, पण रविवारी भिंगरीचं नाटक आहे. त्यातले टापांचे, विजेचे आवाज याच डब्यात आहेत ना?"

"म्हणून तर हा आटापिटा! ऐन नाटकात गळती नको."

भिंगरी म्हणजे त्यांची नात. एका जागी दोन क्षण टिकत नाही म्हणून भिंगरी. तिने स्वतः नाटक लिहिलं होतं. राजाही तीच. एवढ्याशा मुलीचं नाटक शाळेच्या मंचावर कसं करायचं, असं मुख्याध्यापिका बाई म्हणत होत्या. भिंगरीने हट्टाने ते मिळवलं होतं आणि आवाजांचं काम आजोबांवर सोपवलं होतं.

"आजोबा, आवाज वेळेवर आले नाहीत तर सगळे हसतील हं. माझं नाटक गंभीर आहे."

"अगं, पाणी वेळेवर सोडण्यात हयात गेलीय माझी!"

तालीम छान झाली होती. पण ती मीटर बसवण्याआधी!

रविवारी आजोबा लॅपटॉप घेऊन निघाले. झाकण मिटलं तर तो झोपेल आणि तपासात खंड पडेल, म्हणून उघडाच! दोन्ही तळहातांवर तोलून, काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसे ते रस्त्याने चालले होते. मागून आजी बॅग घेऊन. समोरून येणारी माणसं आपोआप बाजूला होत होती.

पडदा उघडला. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत मुख्याध्यापिका. दारावर थाप पडते, असा पहिला प्रसंग. आजोबांनी ऐटीत बटण दाबलं.

काही नाही!

आचारी झालेला मुलगा वाट बघून बघून म्हणाला, "थाप पडली वाटतं." आणि त्याने दार उघडलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर एक गोल नुसता गरगरत होता. पुन्हा दाबावं, तर आवाज दोनदा येण्याची भीती! घोडेस्वाराची वेळ झाली, आजोबांनी टापांचं बटण दाबलं. स्वार दौडत आला आणि त्याच क्षणी जोरात आवाज आला, ठक् ठक् ठक्!

"घोडा दार वाजवून येतो! चांगले संस्कार आहेत!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा!

आवाज येत होते, पण प्रत्येक आवाज एक प्रसंग उशिरा! पुढे सिंह आला, तो टपटप टपटप टापा वाजवत. आजोबा मीटर बंद करायला धडपडू लागले, तर लॅपटॉपवरचा बाणच हलेना. पाळण्यातल्या राजपुत्राला राणीने प्रेमाने थोपटलं आणि पाळण्यातून अशी डरकाळी आली, की राणी पदर सावरत पळाली! सभागृह हसून हसून खुर्च्यांवरून घसरायचं बाकी होतं.

आता राजा. भिंगरी मंचाच्या मध्यावर आली. तिने आजोबांकडे एकदा पाहिलं. ते डोळे पाहून आजोबांना वाटलं, जमीन फाटावी आणि खालच्या एखाद्या मोठ्या पाइपात आपण वाहून जावं.

तिने तलवार उपसली. "माझ्या एका हाकेने आकाश हादरेल!"

आजोबांनी डोळे मिटून विजेच्या कडकडाटाचं बटण दाबलं.

"ट्यां... ट्यां... ट्यां...!" तान्ह्या बाळाचं रडणं!

भिंगरीचा खालचा ओठ थरथरला. आणि मग तिने तलवार वर रोखली. "बघा! हाक मारायच्या आधीच आकाश रडायला लागलं!"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मुख्याध्यापिका डोळे पुसत मंचावर आल्या, माइक हातात घेतला, तोंड उघडलं आणि वीज कडाडली! माइक एकीकडे, बाई एकीकडे!

घरी जाताना भिंगरी तलवार फरफटत चालली होती.

"माझं नाटक गंभीर होतं, आजोबा."

आजोबांना मान वर करवेना. "चुकलं गं माझं."

"आता ते विनोदी आहे. बाईंनी पुढच्या महिन्यात पुन्हा करायला सांगितलंय, अगदी असंच." ती थांबली. "पण आवाज आजी बघणार."

वाटेत ताईंचं दुकान उघडं होतं. त्यांनी पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आजोबा, गळती तेवढीच आहे हो, पेन्सिलीएवढी. आजी रोज बंद करत होत्या, तेव्हा ती तुम्हाला कधी जाणवलीसुद्धा नाही. टेबलावर जागा उरली नाही ती तुमच्या मीटरांमुळे. पेन्सिली मोजायला तुम्ही टेबलावर माणसंच उभी केलीत!"

आजोबांनी मुकाट्याने एकेक मीटर काढून टाकला. घरी पोचल्यावर आजींनी झाकणावरची चिठ्ठी टरकावली आणि लॅपटॉप बंद केला. दिवा विझला. घरात कशी छान शांतता पसरली.

टप्... टप्... टप्...

आजींनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा उठले आणि माळ्यावरून हत्यारांची पेटी काढू लागले.

"गळती किरकोळ दिसली तरी सोडायची नसते," ते घसा खाकरून म्हणाले. "आधी इथे एक छोटासा मीटर..."

"मीटर नको!" आजी आणि भिंगरी एकदमच ओरडल्या. "वॉशर बदला!"