टेंभुर्णीचं मशीन बंद आहे

नानांना तुम्ही नमस्कार केलात, तर ते तुमची ख्यालीखुशाली विचारणार नाहीत. वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळतील आणि म्हणतील, “घरात पंधरा अँपिअरचा प्लग हाय का?” ‘आहे’ म्हणालात, तर तुम्ही जिवाभावाचे. ‘बघावं लागेल’ म्हणालात, तर चहासुद्धा अर्धाच कप मिळेल.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून नानांचं घर. शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले, मग काकू गेल्या, आणि मग सगळ्या गल्लीनं ‘नको, नको’ म्हटलं म्हणून त्यांनी विजेवरची गाडी घेतली. ‘नको’ म्हटलं की या माणसाला चेव येतो. माझ्या नवऱ्यानं नीट समजावलं होतं, “नाना, गावात ठीक आहे. लांब जायचं म्हणजे वाटेत फास्ट चार्जिंगची मशीनं कुठं आहेत? एक लागतं, मग पुढं सगळा खडखडाट.”

“मशीन न्हाय? अडलंय माझं खेटर!” नाना म्हणाले. “माणसं तर हायत नव्हं?”

हे खेटर त्यांचं दिवसातून पन्नास वेळा अडतं.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत महाराष्ट्राचा नकाशा आहे, स्वतः रंगवलेला. त्यावर टिकल्या. लाल टिकली म्हणजे फास्ट मशीन, चहा-नाष्टा होईस्तोवर गाडी भरणारं. हिरवी म्हणजे ओळखीच्या घरचा साधा प्लग, जिथं निम्मा दिवस बसून राहावं लागतं. टिकल्या काकूंच्या, त्यांच्या उरलेल्या पाकिटातल्या. दोन लाल टिकल्यांमध्ये मोकळी जागा दिसली की नानांना झोप येत नाही. फोन सुरू. “त्या गावात आपल्या अमक्याच्या साडूचा मेहुणा हाय की!” ज्या नातेवाइकांना आपण लग्नपत्रिकासुद्धा पोस्टानं पाठवतो, त्यांच्या ओट्यावर नाना गाडी लावून वरणभात जेवून आलेले असतात.

माझ्या धाकट्या दिरासाठी बार्शीला मुलगी बघायला गेलो, तेव्हा वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून मी नानांना नेलं. माझीच अवदसा! मुलगी पोहे घेऊन बाहेर आली आणि नाना कुठं? कोपऱ्यात उकिडवे बसून टेस्टर लावून प्लग बघतायत. मुलीच्या वडिलांचं तोंड उतरलं. नाना मान वर न करता म्हणाले, “अर्थिंग हाय का?”

ताट हातात धरून ती मुलगीच म्हणाली, “ह्याला नाहीये. मागं बोअरच्या मोटारीजवळ आहे, ते पक्कं आहे.”

“होकार द्या,” नाना मला म्हणाले. “पोरगी खरं बोलती.”

ती आज माझी जाऊ आहे, आणि नकाशावर बार्शीला हिरवी टिकली आहे.

त्यांच्या गाडीतून प्रवास करणं म्हणजे मात्र शिक्षा. एसी लावायचा नाही. “एसी लावला की टेंभुर्णी लांब जाती, वैनी.” काच उघडायची नाही, वारा गाडीला मागं ओढतो म्हणे. सोलापूरच्या उन्हात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचं. डब्याचंसुद्धा वजन बघणार! “भाकरी कडक हाय नव्हं? मग घ्या. हलकी असती.”

आता त्या नकाशातली एक गोष्ट. टिकल्यांच्या एवढ्या गर्दीत एक गाव कोरं होतं, श्रीपूर. आणि श्रीपूरला तर नानांची सख्खी बहीण. आक्का. तिचे यजमान साखर कारखान्यात होते, कारखान्याच्या मागंच त्यांचं घर. परक्याच्या साडूच्या मेहुण्याला फोन करणारा हा माणूस आक्काचं नाव काढलं की नकाशाकडं पाठ करून बसायचा.

कारण गल्लीला माहीत होतं. आक्काच्या लेकीचं लग्न. मंगलाष्टकांना नवरीच्या मागं मामा उभा राहायचा असतो, आणि नाना तिचे एकुलते एक मामा. तेव्हा त्यांच्याकडं जुनी पेट्रोलची गाडी होती. नेमकी श्रीपूरच्या वाटेवर, टेंभुर्णीत उकळली. बॉनेटमधून वाफा निघतायत आणि नाना नवा फेटा बांधून रस्त्यावर उभे. मांडवात पोचले तर अक्षता पडलेल्या. मामा म्हणून आक्काचा चुलतदीर उभा केलेला. नानांनी भर मांडवात आवाज चढवला, “माझ्याबिगर लगीन लावलंच कसं?”

मुहूर्त टळत होता, ती बाई तरी काय करणार? पण तीही त्यांचीच बहीण. म्हणाली, “तुझ्यावाचून आमचं काय अडलं न्हाय.”

“मग माझं तरी अडलंय खेटर!” म्हणून नाना न जेवता माघारी फिरले. भाचीच्या लग्नात मामा उपाशी! तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नव्हते. जुनी गाडी नानांनी विकून टाकली आणि तेव्हापासूनच वाटेत थांबण्याची त्यांना अशी धास्ती बसली.

परवा भाच्याच्या साखरपुड्यासाठी मला पुण्याला जायचं होतं. साखरपुडा दुसऱ्या दिवशी. नाना म्हणाले, “चला, सोडतो.” सकाळी गाडीत बसले, तर बॅटरी अर्धीच. नाना आणि अर्धी बॅटरी! जेवल्याशिवाय हात धुतल्यासारखं झालं हे.

“रात्री लाईट गेलती,” नाना म्हणाले.

आमचा पंखा रात्रभर फिरत होता. मनात म्हटलं, वाटेत टेंभुर्णीला नवं फास्ट मशीन बसलंय, तिथं भरतील.

टेंभुर्णी आली. हॉटेलसमोर मशीन दिसलं. आणि नानांनी गाडी पुढं काढली!

“अहो नाना, मशीन!”

“बंद हाय ते.”

“ती पांढरी गाडी लावलीय की!”

“ती बी बंद पडली असंल, म्हणून उभी हाय.”

आणि हायवे सोडून गाडी डावीकडं वळली. श्रीपूरच्या रस्त्याला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नाना घामानं निथळत होते. पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एरवी ट्रॉलीमागून हळू गेलं की बॅटरी वाचते म्हणून खूश होणारा माणूस सारखा पंच्यानं तोंड पुसत होता.

आक्काच्या दारात गाडी थांबली. ओट्यावर एक उंच, वाळकी बाई शेंगा फोडत बसलेली. नाक थेट नानांचं. नाना स्टिअरिंग धरून बसलेले.

“वैनी, तुमी इचारा. प्लग हाय का म्हणून.”

“मी?”

“जावा की!”

एवढा प्रतापी माणूस, आणि बायामाणसाला पुढं घालतो! मी गेले. विचारलं. आक्कांनी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“कुणाची हाय गाडी?”

“तुमच्या भावाची.” आता मलाही राग आला होता.

“भाऊ हाय व्हय मला?” पुढची शेंग फोडत त्या गाडीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “टेंभुर्णीला मशीन बसलंय की नवं. तितं का न्हाय लावली?”

गाडीची काच खाली आली. “बंद हाय ते!”

आक्कांचा हात थांबला. त्यांनी भावाकडं बघितलं. टेंभुर्णीहून रोज माणसं येतात-जातात, त्यांना काय माहीत नसेल? पण म्हणाल्या, “व्हय. बंदच असंल.” आणि हनुवटीनं भिंत दाखवली. “हितं हाय प्लग. पिठाच्या गिरणीसाठी बसवलाय.”

घरात गिरणी नव्हती. मी पाणी प्यायला आत जाऊन बघून आले ना! प्लग ओट्याच्या बाहेर, गाडी लागेल तिथं, पाऊस लागू नये म्हणून वर पत्र्याचं झाकण. झाकणाच्या कडेला कोळ्यानं जाळं केलेलं. बसवून बरेच दिवस झाले होते. भाऊ गावोगाव प्लग विचारत फिरतो, हे या बाईच्या कानावर कधीच आलं असणार.

नाना उतरले. हातात वायर. टेस्टर नेहमीसारखा खिशाला होता. त्यांनी जाळं बोटानं पुसलं आणि वायर सरळ लावून टाकली.

“अर्थिंग नाही बघितलं?” मी विचारलं.

“आक्कानं बसवलंय,” नाना म्हणाले. “असंल की.”

आक्का शेंगांची पाटी घेऊन उठल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “किती येळ लागतोय गाडीला?”

“लई लागतो.”

“लागू दे. ह्या येळंला जेवल्याबिगर जायचं न्हाय.”

मला पुण्याला पोचायला रात्र झाली. बहीण माझ्यावर भडकली. भडकू दे!

आता नाना दर पंधरवड्याला पुण्याचं निमित्त काढतात आणि श्रीपूरहूनच माघारी येतात. तुम्ही त्या बाजूनं गेलात, तर टेंभुर्णीच्या मशीनवर खुशाल गाडी भरा. फक्त नानांसमोर बोलू नका. गल्लीत कुणी वाद घातला, तर मी मध्ये पडते. ते मशीन बंद आहे. मी स्वतः बघितलंय.